पाणबुडीचा मुहूर्त

धम्म घेतला तेव्हाच आमच्या घरानं पंचांग सोडलं. लग्न कधी लावायचं? तर सगळ्यांना सवड असेल त्या दिवशी! बा हे छाती फुगवून सांगायचा. पण माझ्या वेळी त्यानंच अट घातली, "दादा आल्याबिगर लगीन न्हाई." आणि माझा थोरला भाऊ होता नौदलात, पाणबुडीवर. झालं! पंचांगातून सुटलो आणि पाणबुडीत अडकलो.

आमच्या वालूर गावच्या बायकांना पाणबुडी समजावून सांगताना माझ्या नाकी नऊ यायचे. "हिरीत बुडी मारल्यावानी का गं?" मागच्या सुट्टीत दादा सांगत होता, मोठ्या देशांच्या पाणबुड्या अणूवर चालतात, पोटात क्षेपणास्त्रं घेऊन महिनोन्महिने खाली राहतात. आपली डिझेलवरची, तिला बॅटऱ्या चार्ज करायला वर यावंच लागतं. येती ना वर? मग घरी यायला काय धाड भरली? लय चिडायचे मी.

बा तारेवर तार करायचा. उत्तर आलं नाही, की लग्नाची तारीख पुढं. माझं ठरलेलं सासर पाथरीचं, नवरा मास्तर. पुन्हा एकदा तारीख मोडली तेव्हा सासरे स्वतः एसटीनं आले, चहाला शिवलेसुद्धा नाहीत.

"इवाई, येत्या रविवारी लावून देता, का आमी दुसरी पोरगी बघू?"

बा खाली मान घालून, "पोरगा येईल, जरा दम धरा," एवढंच म्हणायलाय. माझं डोकंच फिरलं. तशीच बाहेर आले आन् म्हणाले, "मी रविवारी तयार हाय." माय तोंडाला पदर लावून बघतच राहिली.

लग्न लागलं. बुद्धवंदना चालू असताना बा सगळ्यांच्या मागं उभा होता, एसटीच्या रस्त्याकडं तोंड करून.

पुढं महिनाभरानं दादा आला. मी माहेरी गेले ती भांडायलाच. "एवढ्या तारा केल्या, एक उत्तर देता येईना तुला?"

"आमी खाली असताना घरच्या तारा देतच न्हाईत गं," दादा म्हणाला. "लगीन असू दे न्हाईतर मयत. कळून तरी तिथून येणार कसं? बंदराला लागल्यावर सगळं एकदम हातात ठिवतात."

म्हणजे ज्याच्यासाठी आम्ही तारखा मोडत बसलो, त्याला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं! माझा नुसता संताप संताप झाला. बा मात्र मायकडं बघून म्हणाला, "ऐकलंस ना? माझ्या मातीला ह्याची वाट बघू नका."