जावयाच्या हातचा गिलास

आमच्या घरात हसवायचं काम माझं. हे कोणी बसून ठरवलेलं नाही. चौथीत असताना मी हेडमास्तरांची नक्कल केली, ते मागेच उभे होते, आणि कानफटात द्यायच्या आधी त्यांनी पाच सेकंद हसून घेतलं. तेव्हापासून ते ठरल्यासारखंच आहे. असोद्याला आमच्या ओट्यावर चार माणसं जमली की कोणीतरी म्हणतंच, "अरे, तो कंडक्टर कर ना." मग मी अमळनेर गाडीचा कंडक्टर करतो, केळीचा व्यापारी करतो, ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून पाणी कधी सुटणार ते नाकातून सांगणारा शिपाई करतो. शेजारचे काका खोकला येईपर्यंत हसतात. आई तोंडात पदर कोंबते.

नाना हसत नाहीत. नाना म्हणजे माझे वडील. पस्तीस वर्षं केळीच्या बागेत राहून माणूस केळीसारखाच झालाय, उभा आणि थंड, जोराचा वारा आला तरच हलणार. वर्षातून दोन-तीनदा हसतात, आणि ते दोन-तीन माझे असायचे. कोणत्या नकलेला हसले, कुठे बसलेले होते, सगळं मला पाठ आहे. कॉलेजच्या गॅदरिंगला अख्खा हॉल हसतो त्याचं मला काही नाही. हॉलचं काय, हॉल कोणालाही हसतो.

मग ताईचं लग्न झालं आणि धुळ्याहून जिजाजी आले.

जिजाजींच्या घरचं धुळ्याच्या बाहेर हायवेवर हॉटेल आहे. त्याच्या आधी दोन वर्षं ते गोव्यात होते, एका मोठ्या हॉटेलात, बारच्या काउंटरमागे. उंच, दात सरळ, आणि समोरचा बोलत असला की मान थोडी तिरकी करून ऐकणार. आमच्याकडे कोणी कोणाचं ऐकत नाही, सगळे आपली पाळी यायची वाट बघतात. त्यामुळे हे ऐकणं बघूनच आमची माणसं खलास झाली. माणूस वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं. पण तेवढी मदतसुद्धा त्यांनी केली नाही.

त्या डिसेंबरात फुटबॉलचा वर्ल्ड कप चालू होता. जिजाजींना फुटबॉलचं वेड, कॉलेजात गोलकीपर होते म्हणे. शनिवारी ताई आणि ते असोद्याला आले, आणि थंडीत पाहुणा आला म्हणजे भरीत हे आमच्याकडे सांगावं लागत नाही. टीव्ही ओट्यावर आणला. अंगणात कपाशीच्या काड्या पेटवल्या, त्यावर हिरवी-पांढरी वांगी भाजायला टाकली. आई आणि ताई कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्यांच्या मागे. मॅच साडेआठची. केशरी शर्टवाले विरुद्ध निळे शर्टवाले, याच्यापुढे आमच्या घरात कोणालाच काही माहीत नव्हतं. आईने केशरीवाल्यांची बाजू घेतली, कारण त्यांचा एक पोरगा फार वाळलेला दिसत होता.

माझी आठ दिवसांपासून तयारी होती. टीव्हीचा आवाज बंद करायचा आणि कॉमेंट्री मी करायची, केळीच्या लिलावाच्या आवाजात. केलीही. बॉल इकडून तिकडे गेला की भाव वाढवायचा, कोणी पडला की "माल डागी निघाला" म्हणायचं. काका सुरू झाले. मी एका डोळ्याने नानांकडे बघत होतो. त्यांच्या मिशीचं उजवं टोक जरा वर गेलं. मला ती मिशी पाठ आहे, तिथून अजून अर्धं मिनिट हसू दूर असतं.

तेवढ्यात घरातून जिजाजी बाहेर आले आणि म्हणाले, "मामा, कॉकटेल चालेल का? मॅचसोबत जमतं."

मिशी जागेवर आली.

आता नाना पीत नाहीत. म्हणजे असं, की शेतातल्या मोटारीच्या खोलीत खताच्या गोण्यांमागे एक बाटली असते. ते आईला माहीत आहे, काकांना माहीत आहे, मला माहीत आहे, बागेतल्या मजुरांना माहीत आहे. आम्हाला माहीत आहे हे फक्त नानांना माहीत नाही. शेतातून येताना ते तोंडात लवंग धरतात. त्याच दिवाळीत मी मित्रांसोबत जळगावला एक बिअर प्यालो होतो. एक, आणि तीही दोघांत. घरी आलो तर नानांनी ओट्यावर उभं केलं, तोंड उघडायला लावलं, "हा कर" म्हणाले, आणि महिनाभर गाडीची चावी स्वतःच्या बंडीच्या खिशात ठेवली. मी बसने कॉलेजला गेलो. हा आमच्या घरचा कायदा.

पण जावई. जावयाने पुढे केलेला गिलास आमच्याकडे परत करायचा नसतो. पोरगी त्यांच्या घरात आहे, तिथे उगाच बोल नको, असा तो जुना हिशोब. नानांनी आईकडे बघितलं. आईने वांग्यांकडे बघितलं आणि म्हणाली, "पाहुण्याचं मन कशाले मोडता?"

बावीस वर्षं मी या घरात राहतोय. या घराला असा एक दरवाजा आहे हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

जिजाजी कामाला लागले. परसातली लिंबं, पुदिना, गुळाचं पाणी, दुकानातून सोडा, आणि बॅगेतून एक पांढरी बाटली, ती टॉवेलमध्ये अशी गुंडाळलेली जसं काही तान्हं बाळ. सरबताचे दोन जग भरले. एकात बाटलीतलं, एकात नाही. हलवायला भांडं नव्हतं तर नानांचा चहाचा थर्मास घेतला. त्या थर्मासला मी हात लावला असता तर नाना अंगणातून ओरडले असते. मग जिजाजी मला म्हणाले, "साळेसाहेब, पुदिना ठेचायला काहीतरी लाकडाचं आणता का?"

इथे मी खरं सांगून टाकतो. स्वयंपाकघरात कोरं लाटणं होतं, आईने भुसावळहून आणलेलं, कागदसुद्धा काढला नव्हता. आणि त्याच्या शेजारी भरीत ठेचायचा लाकडी ठोंबा होता. दर हिवाळ्यात त्याने हिरव्या मिरच्या आणि लसूण ठेचतात. दहा-पंधरा वर्षांची मिरची त्या लाकडात मुरलेली, आणि त्या दिवशीची ताजी वरून. माझा हात लाटण्याकडे गेला होता. मी तो परत आणला.

पहिला गिलास नानांना दिला. स्टीलचा, वरून पुदिन्याचं पान. नानांनी घोट घेतला आणि थांबले. डोळे मोठे झाले. मी पुरीचा तुकडा हातात धरून बसलो होतो, आता जावयाची शोभा होणार म्हणून खायचंही विसरलो.

"पाहुणे, मिरची टाकली का याच्यात?"

जिजाजींनी स्वतःच्या गिलासातून चाखलं. ठोंब्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. बारमागे दोन वर्षं उभा राहिलेला माणूस, त्याला सगळं एका सेकंदात कळलं. म्हणाले, "हो मामा. आयडिया याची."

नानांनी अजून एक घोट घेतला, तोंडात घोळवला. "मंग चांगलं हाये," म्हणाले. "भरतासंगं जाते." आणि गिलास संपवून पुढे केला.

माझ्या दुष्टपणाची अशी वाट लागली. पाहुण्याची बेइज्जती करायला गेलो आणि माझंच कौतुक झालं, तेही त्यांच्या तोंडून. त्याच्यापेक्षा मला चारचौघांत पकडलं असतं तर बरं वाटलं असतं. वरून मला मिळालं दुसऱ्या जगमधलं, आई आणि ताईसोबत. चव तीच, मिरची तीच, फक्त ज्याच्यासाठी माणूस पितो ते नाही.

नाना दुसऱ्या गिलासावर आरामात मागे टेकून बसले होते. मी त्यांना तसं टेकलेलं कधी बघितलेलं नव्हतं. जिजाजी त्यांना ऑफसाइड समजावून सांगत होते, ताटात कांद्याच्या फोडी मांडून. नानांनी बराच वेळ फोडी बघितल्या आणि म्हणाले की म्हणजे बॉल यायच्या आधीच फुकट पुढे जाऊन उभं राहायचं नाही. जिजाजी म्हणाले, "बरोबर मामा. पंगतीत वाढायच्या आधी हात घालायचा नाही, तसंच." आणि नाना हसले. चांगले दात दिसतील असे.

एवढ्या साध्या वाक्याला. मी आठ दिवस लिलाव पाठ करत होतो.

हाफ टाइमला मी उठलो. कोणी सांगितलं नव्हतं. मी जिजाजी केले. थर्मास कानाजवळ नेऊन हलवला, मान तिरकी करून आईचं ऐकल्यासारखं केलं, प्रत्येक गिलास देताना एक पाऊल मागे सरकलो. त्यांची आई फोनवर धुळ्याकडच्या बोलीत सगळं ठीक आहे का विचारते तसं स्वतःलाच विचारलं, "बठ्ठं ठीक शे ना भाऊ?" आणि लाजून उत्तर दिलं. काका हसले, जिजाजी स्वतः टाळ्या वाजवत होते. तिथे थांबायचं असतं. मी थांबलो नाही. मी सासऱ्याचे पाय चेपणारे जिजाजी केले, जे त्यांनी कधी केलंच नव्हतं. ताईने पुऱ्यांचं ताट जरा जोरात खाली ठेवलं.

"बस," नाना म्हणाले. "जावयाची नक्कल करतात का?"

मी खाली बसायला लागलो. तर जिजाजी विचारतात काय, की हा मामांची करतो का?

ते आमच्याकडे कोणी विचारत नाही. नानांची नक्कल मी करतो, पण बागेत, एकटा, दोन ओळींच्या मध्ये. काकांनासुद्धा कधी दाखवलेली नाही. जिजाजी म्हणाले, "करू द्या ना मामा. माझ्यासाठी." परत तोच दरवाजा. नानांनी गिलासाकडे बघत नुसती मान हलवली.

मी उभा राहिलो. दोन्ही हात मागे बांधले, पोट थोडं पुढे. मग मला स्वतःलाच थांबवता आलं नाही, मी दिवाळीचंच केलं. "तोंड उघड. हा कर. अजून कर. शरम वाटत नाही का रे तुले?" आणि प्रत्येक वाक्यानंतर तोंडातली लवंग या गालातून त्या गालात फिरवली. लवंग नव्हती, पण सगळ्यांना दिसली. मला माहीत आहे कधी दिसते ते.

कोणी हसलं नाही. काकांनी टीव्हीकडे बघितलं, तिथे जाहिरात चालू होती. आईने पदर घेतला, पण तोंडात नाही, डोक्यावर. नानांनी गिलास खाली ठेवला. माझ्या मनात आलं, यावेळी चावी नाही, गाडीच जाणार.

नाना उठले. ओट्याच्या कडेला येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "असं नाही. मी विचारतो तव्हा माहे हात मांगे नसतात. हात मांगे तू ठेवतो."

आणि त्यांनी मला केलं.

कोपऱ्यावर गाडी बंद करून ढकलत आणणारा मी. गोठ्याजवळ म्हशीला "सरक ना मावशी" म्हणणारा मी, मग तिची माफी मागणारा. चप्पल काढताना पाय उचलायचा की चप्पल, हे न ठरवता येणारा मी. पायरीवर थांबून, छाती पुढे काढून, एकदम शुद्ध पुस्तकी मराठीत "नाना, आपण अजून जागे आहात?" म्हणणारा मी. त्या रात्री ते अंधारात उभे राहून सगळं बघत होते आणि त्याबद्दल महिनाभर एक अक्षर बोलले नव्हते. आवाज माझा. घाबरल्यावर मी नाकावरून बोट फिरवतो ते बोटसुद्धा माझं.

काका ओट्यावरून खाली अंगणात उतरले, कारण बसून हसता येईना. आई हसत हसत रडत होती. ताई माझ्या पाठीवर मारत होती, तिचा राग बहुतेक तिथेच संपला. मॅच परत सुरू झाली होती आणि मध्येच कोणीतरी गोल केला. कोणी केला ते गोलकीपर जिजाजींनीही बघितलं नाही. मीही हसत होतो. पण हसताना मला कळत होतं की हा माणूस माझ्यापेक्षा भारी आहे. मी घाई करतो. ते थांबतात, आणि थांबल्यावरच लोक हसून मरतात. एवढं हातात असून बावीस वर्षं याने आम्हाला काही दाखवलं नाही, आणि लग्नाला सात महिने झालेल्या जावयाने एका संध्याकाळी मागितलं तर काढून दिलं.

संपल्यावर नाना बसले. घाम पुसला. आणि शेजारी वळून विचारलं, "जमलं का पाहुणे?"

मला नाही विचारलं.

ती दोघं सोमवारी धुळ्याला गेली. चार-पाच दिवसांनी मी दुपारी कॉलेजातून आलो, मागच्या दाराने. ओट्यावरून माझा आवाज येत होता. मी स्वयंपाकघरात उभा आणि माझा आवाज ओट्यावर. नाना फोनवर होते, पलीकडे धुळे. यावेळी नवीन होतं, मी सकाळी आईकडे पैसे मागतो ते. आधी तिच्या कमरेची चौकशी, मग भाजीचं कौतुक, मग एक लांब श्वास. तो श्वास मी घेतो हे मला माहीतच नव्हतं.

पुढे गेलो असतो तर त्यांनी बंद केलं असतं, फोन खिशात टाकून केळीचा भाव विचारला असता. म्हणून मी दप्तर हळूच खाली ठेवलं आणि भिंतीला टेकून ऐकत बसलो. पलीकडे जिजाजी जोरात हसत होते. इकडे मला तोंड दाबून हसावं लागत होतं.