कपाटातलं बाळ

खामगावजवळच्या एका खासगी नर्सिंग शाळेत मी शिकवत होतो. शेवटची काही वर्षं प्राचार्यही होतो. नव्या तंत्रानं परिचर्या शिकवण्याबद्दल माझा जो शोधनिबंध छापून आला, तो खोटा होता. हे मी या वर्षापर्यंत कुठेच लिहिलं नव्हतं.

त्या निबंधाचा विषय एक पुतळा होता. नवजात बाळाएवढा, रबरी कातडीचा, संगणकाला जोडलेला. जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाला अंबू बॅगनं, म्हणजे हातानं दाबायच्या पिशवीनं, श्वास कसा द्यायचा ते त्यावर शिकायचं. मान बरोबर कलवली आणि मास्क नीट बसला तरच पुतळ्याची छाती वर येई आणि पडद्यावर हिरवी रेघ उमटे. मान थोडी जरी चुकली तरी छाती हलत नसे. पुस्तकातून मला हे कधीच शिकवता आलं नव्हतं. पुतळा ते सहज शिकवू शकला असता.

तो आला त्या दिवशी संस्थाचालकांनी नारळ फोडला, खोक्याला हळदकुंकू लावलं. मग मी तो काचेच्या कपाटात ठेवला, अंगावरचं प्लास्टिक न काढता. महागाची वस्तू, मुलींच्या हातून बिघडली तर नर्सिंग कौन्सिलच्या पुढच्या तपासणीला काय दाखवायचं, ही भीती होती. दर दसऱ्याला तो बाहेर निघे, पूजा होई, झेंडूचा हार पडे आणि पुन्हा आत जाई.

"याच्यापेक्षा आमच्या गावचा मारुती बरा," वरवट बकालची एक विद्यार्थिनी एका दसऱ्याला म्हणाली. "त्याले तेल तरी लावू देतात."

मुली हसल्या. आमचा कारकून म्हणाला, "काऊन बाई, तुमच्या घरी टीव्हीवर कव्हर नसते काय?"

"असते ना. पन टीव्ही पाहाच्या वक्ती आम्ही ते काढतो."

मीही हसलो. नंतर ती माझ्या खोलीत आली. "सर, एकडाव हात लावू द्या. मले अंबू जमत नाही." मी म्हणालो, तपासणी होऊन जाऊ दे. तपासणी झाली आणि मी विसरलो. खरं सांगायचं तर विसरलो नव्हतो.

त्याच सुमारास निबंध लिहिला. एका तुकडीला नुसत्या व्याख्यानानं शिकवलं, दुसरीला पुतळ्यावर, आणि दुसरी कितीतरी सरस ठरली, असं त्यात होतं. दुसरी तुकडी म्हणजे वरवट बकालच्या त्या मुलीचीच. दोन्ही तुकड्यांचे गुण मी घरी जेवणाच्या टेबलावर बसून ठरवले. नागपूरच्या परिषदेत निबंध वाचला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, शाल मिळाली.

पुढे ती मुलगी तालुक्यातल्या एका उपकेंद्रात कंत्राटी नर्स झाली. एका दुपारी तिथे बाळंतपण झालं आणि बाळ रडलं नाही. गाडी येईपर्यंत ती एकटीच होती. बाळ गेलं. घरचे लोक तिच्या अंगावर धावून गेले.

आरोग्य खात्याच्या चौकशीत ती म्हणाली, "पिशवी दाबत होते, पन छाती हालत नव्हती. मान किती कलवावी ते समजेना."

मग मला विचारलं गेलं. मी निबंधाची प्रत पुढे केली आणि म्हणालो, "आमच्याकडे प्रत्येक विद्यार्थिनीचा पुतळ्यावर सराव होतो." ती समोरच्या बाकावर बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. शिक्षण पुरेसं, म्हणजे हलगर्जी तिची, असं ठरलं. तिचा करार पुढे वाढला नाही.

सराव मिळाला असता तर बाळ वाचलं असतं का, मला माहीत नाही. पण ती दोषी ठरली ती माझ्या त्या एका वाक्यामुळे.

या वर्षी मी वरवट बकालला गेलो. ती आता माहेरी पिठाची गिरणी चालवते. मी बोलू लागलो, तर गिरणीच्या आवाजात काही ऐकू जाईना. "थांबा सर, येवढं दळन होऊ द्या," ती ओरडून म्हणाली. गिरणी बंद झाल्यावर मी सगळं सांगितलं. पापण्यांवरचं पीठ पुसत ती ऐकत होती.

"मले काऊन सांगता? मले तं माहीतच हाये," ती म्हणाली. "ज्याईले माहीत नाही त्याईले सांगा."

"तू येतेस बरोबर?"

"मी? त्या गावात मी पाय ठेवत नाही."

मी एकटाच त्या उपकेंद्राच्या गावी गेलो. बाळाचे आजोबा ओट्यावर होते. सगळं ऐकून म्हणाले, "आता सांगून राह्यले? इतके वर्स कुठी होते तुमी?" बाळाची आई, त्यांची सून, दारात उभी होती. ती म्हणाली, "मामाजी, सिस्टरनं तोंडानंबी फुकून पाह्यलं होतं. रडत होती ते. मी पाह्यलं."

"मंग तवा काऊन नाही बोलली?"

"मले कोनी इचारलं?"

म्हातारा माझ्याकडे वळून म्हणाला, "तिले म्हना, आमची चूक झाली."

तो निरोप मी तिला पोहोचवला. आरोग्य खात्याला आणि तो निबंध छापणाऱ्या मासिकालाही पत्रं पाठवली. मासिकानं निबंध मागे घेतला. खात्याकडून उत्तर आलं नाही. आलं तरी उपयोग नाही. नर्सच्या भरतीची वयोमर्यादा तिनं केव्हाच ओलांडली आहे.