राखलेलं कुरण

वाळत्या गवताचा गोडसर वास आजही नाकाशी आला की माझं मस्तक फिरतं. इतरांना त्या गंधात सुगी आठवत असेल. मला आण्याच्या पठारावरचं आमचं कुरण आठवतं, भाद्रपदाच्या उन्हात पिवळसर हिरव्या लाटांनी हेलावणारं, आणि त्या लाटांच्या तळाशी अहोरात्र चाललेली एक बारीक करकर.

नागपंचमीला कुरण बंद व्हायचं. दसऱ्याला माझे वडील, नाना, पहिली मूठ कापून बहिरोबापुढं ठेवीत. तोवर आत माणसाचंही पाऊल पडायचं नाही. राखणीचा हा मान आमच्या घराकडं होता, आणि गावची सारी गुरं उन्हाळाभर याच गवतावर जगत. त्या वर्षी पावसाच्या तोंडाला परमुलखातून टोळधाड उतरली, मातीत अंडी घालून संपली. आणि अंड्यांतून निघालेली बिनपंखी पिल्लं आमच्याच कुरणात, आमच्याच राखणीत, निर्धास्त वाढू लागली.

मी नुकताच पुण्याहून बी.ए. होऊन आलो होतो. घराण्यातला पहिला, त्याचा ताठा होता, आणि का नसावा? पंख फुटण्याआधी धोतरांच्या झोळ्या गवतावरून ओढल्या तर पिल्लं गोळा करून पुरता येतील, हे मी चावडीवर घसा कोरडा होईस्तोवर सांगितलं.

"बीए झालं राव, आन् आता नाकतोड्यांची शिकार करत्यात!" शेजारचा भिवा म्हणाला आणि चावडी हसली.

"दसऱ्याआदी आत पाय न्हाई," नानांनी निकाल दिला. "एक तरी ढोर फिरकू देतो का मी तितं? मंग तुला कसलं भ्या?"

ढोर! बांधावर काठी घेऊन ते चुकार वासरांना हाकलीत, आणि त्यांच्या पाठीमागं गवत पात्यापात्यानं नाहीसं होत होतं.

दसरा तोंडावर असताना एका दुपारी अवघं कुरण तांबूस झालं, सळसळलं आणि आकाशात उठून गेलं. खाली उरले खराटे. तरी नानांनी विळ्याला कुंकू लावलं, वाकून वाकून मूठभर काड्या जमवल्या. शिरस्त्याप्रमाणं गुरं आत सोडली. ती दरवर्षीसारखी धावली, माना खाली घातल्या, आणि मग एकेक करून आमच्याकडं बघू लागली. माझं म्हणणं खरं ठरलं होतं. त्या खरेपणाची एक पेंढीही बांधता येत नव्हती. दिवाळीनंतर आमची तांबडी गाय बेल्ह्याच्या बाजाराला गेली. तिच्यामागं भिवाची बैलजोडी होती, आणि भिवा हसत नव्हता.

पुढल्या पावसाच्या तोंडाला टोळ पुन्हा उतरून अंडी घालून गेले. श्रावणात कुरण पुन्हा बंद झालं, आणि ती करकर पुन्हा ऐकू आली. मी झोळी खांद्यावर टाकून बांधावर गेलो. नाना काठी घेऊन उभेच होते. बराच वेळ त्यांनी झोळीकडं पाहिलं.

"आत पाय न्हाई," ते म्हणाले, आणि माझ्याकडं पाठ करून, नसलेल्या गुरांना हाकलीत, बांधाच्या दुसऱ्या टोकाकडं चालू लागले.

ज्या शिरस्त्यावर मी वर्षभर दात खात होतो, तो मोडायच्या घटकेला माझी नजर गवतावर नव्हतीच. ती पाठ एवढी वाकलीय, हे मला तोवर दिसलं नव्हतं.