शपथ न घेणारी

स्वातंत्र्याला दहा-बारा वर्षं झाली होती. पौडच्या वसतिगृहात माझ्या शेजारच्या खाटेवर एक क्वेकर मुलगी होती. क्वेकर हा ख्रिस्ती लोकांतलाच एक पंथ; पण त्यांच्या प्रार्थनेला ना पाद्री ना गाणं, नुसतं गप्प बसायचं. रविवारी आम्ही एकमेकींच्या उवा काढत कलकलाट करायचो आणि ही त्यातच तासभर डोळे मिटून बसायची. आपोआप आमचे आवाज खाली यायचे. मला त्याचा रागच यायचा, आणि तिचा धाकही वाटायचा.

एकदा लोणच्याची मोठी बरणी फुटली. बाईंनी सगळ्यांना ओळीनं उभं करून विद्येची शपथ घ्यायला लावली. पुस्तकावर हात ठेवून आम्ही भराभर घेतली. ती म्हणाली, "बरणी मी फोडली नाही. पण शपथ घेणार नाही, आमच्यात घेत नाहीत. एरवी मी खोटं बोलते, असा त्याचा अर्थ होईल."

"म्हणजे तूच!" बाई म्हणाल्या. आठ दिवस विहिरीचं पाणी तिनं एकटीनं भरायचं ठरलं. स्वयंपाकाच्या मावशी हळहळल्या, "नुसता हात ठिवायचा व्हता की गं! लई हट्टी हाय."

आठव्या दिवशी तिच्या तळहातांवरचे फोड पाहून मला राहवलं नाही. विहिरीवर जाऊन म्हणाले, "बरणी मी फोडली."

"माहीत आहे. मी खिडकीतून पाहिलं होतं."

"मग बाईंना सांगितलं का नाहीस?"

पोहरा ओढता ओढता ती म्हणाली, "त्यांनी मला माझं विचारलं होतं. तुझं तुला विचारलं होतं."