कागदाला जोडीदार

शिमोन मास्तर कुठलीही गोष्ट एकदा लिहीत नसत. पुण्याच्या मिशनला पत्र पाठवायचं असो, शाळेला खडू मागवायचे असोत की कुणाच्या लग्नाचं आमंत्रण असो, ते आधी एक कागद लिहीत, मग त्याच बैठकीत दुसरा. दोन्ही कागद शेजारी ठेवून ओळीवर बोट फिरवत ताडून पाहत. नंतर एक पाठवत आणि एक टिनाच्या पेटीत ठेवत. कुणी हसलं तर म्हणत, "कागद येकला सोडू नये. जनावर परत येतं, कागद येत न्हाई. त्याला जोडीदार द्यावा."

मुळशी पेट्यात, मुळा नदीच्या काठी, आमची बारा-चौदा ख्रिस्ती घरं होती. मास्तर आमच्या मिशनच्या शाळेत शिकवत आणि रविवारी पाळक आले नाहीत तर देवळात उपासनाही चालवत. उंच, वाकलेले, डोक्याला पांढरं पागोटं. वर्गात पुस्तकातलं मराठी शिकवत आणि वर्गाबाहेर पाऊल टाकलं की मावळातलं बोलत. शुद्ध का बोलत नाही, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "फळ्यावरची भाषा फळ्यावर. घरी कोन फळा घिऊन जेवतं का?"

देवळाची नोंदवही त्यांच्याकडे असे. बाप्तिस्मा, लग्न, मरण, सगळं तीत. पुनरुत्थानदिनी, म्हणजे ईस्टरला, पहाटे आम्ही सारे नदीकाठच्या दफनभूमीत जमायचो आणि मास्तर त्या वहीतून गेलेल्यांची नावं एकेक वाचायचे, शाळेत हजेरी घेतात तशी. ज्याचं माणूस असेल त्याने उत्तर द्यायचं, "प्रभूजवळ हाय." गावातले लोक चेष्टा करत की किरिस्तावांची मेलेली माणसं सुद्धा शाळेत जातात. मास्तरांना त्याचं काही वाटत नसे. शेवटच्या पानांवर मानमोडीच्या तापात गेलेल्यांची नावं होती. त्या साथीत माणसं इतक्या घाईने गेली की त्यांना नदीला लागून असलेल्या खालच्या ओळीत पुरलं होतं. त्यात माझी आई होती. मास्तरांची बायको सगुणाकाकूही होती. तिचं नाव आलं की मास्तर स्वतःच पुकारत, "सगुणा शिमोन," चष्मा वर करत आणि स्वतःच उत्तर देत, "प्रभूजवळ हाय."

मग धरण आलं. मुंबईला वीज पाहिजे म्हणून आमचं खोरं पाण्याखाली जायचं होतं. पेट्यातली माणसं धरणाच्या कामावर जाऊन आडवी पडत होती, तुरुंगात जात होती. आम्ही ख्रिस्ती लोक कुठल्या बाजूला, हे कुणालाच कळत नव्हतं आणि खरं म्हणजे आम्हालाही नव्हतं. एकदा बाजारात एका शेतकऱ्याने मास्तरांना अडवलं. "मास्तर, सायेब तुमच्याच देवाचा न्हवं? मंग सांगा की त्याला, आमची भातं बुडवू नगं म्हनून." मास्तरांनी खाली पाहिलं. घरी आल्यावर मला म्हणाले, "जित्यांचं मला सांगता येनार न्हाई. पर मेलेल्यांचं सांगून बघतो."

त्यांचं मागणं साधं होतं. दफनभूमी सरकारी नकाशावर नव्हतीच, तिथे गायरान दाखवलं होतं. ती आहे हे सरकारने मान्य करावं आणि पाणी यायच्या आत हाडं वरच्या जागेत न्यायची परवानगी द्यावी, एवढंच. साहेब आपलंच शास्त्र वाचतो, तो कबरीला नाही म्हणणार नाही, अशी त्यांची खात्री होती. अर्ज टपालाने न पाठवता इलाख्याच्या राजधानीत, मुंबईला, हाताने द्यायचा असं त्यांनी ठरवलं. मिशनकडून प्रवासाची परवानगी मिळावी म्हणून त्याला नाव दिलं "तरुण संघाची शैक्षणिक सहल". तरुण संघ म्हणजे आम्ही सहाजण, चार मुलगे, मी आणि पाळकांची भाची. मी एकोणीस वर्षांची होते आणि माझ्यासारखं अक्षर पेट्यात कुणाचं नव्हतं. हे मी ऐकून ऐकून शेफारले होते.

पुराव्यासाठी मूळ नोंदवही न्यायची होती. म्हणून तिची पूर्ण नक्कल करायचं काम मास्तरांनी मला दिलं. नवी वही, नवा टाक. "रुथे, सावकाश कर. पर पुरी कर," एवढंच म्हणाले. मी पहिल्या पानावर वळणदार अक्षरात लिहिलं, "मूळ नोंदवहीबरहुकूम संपूर्ण नक्कल," आणि खाली सही ठोकली. काम सुरू करायच्या आधीच ठोकली, कारण ते पान सगळ्यात देखणं व्हायला हवं होतं.

नक्कल मी मानमोडीच्या पानांपर्यंत केली आणि थांबले. आईचं नाव पुढे होतं म्हणून हात चालेना, असं मी नंतर कितीतरी वर्षं लोकांना सांगत आले. ते खोटं आहे. मला मुंबईसाठी शिवलेल्या पोलक्याला झालर लावायची होती. चार पानं राहिली होती, ती आल्यावर करू असं ठरवलं. गाडीत बसताना मास्तरांनी विचारलं, "नक्कल पुरी हाय ना?" मी म्हटलं, "झाली, मास्तर." दोन्ही वह्या ताडून पाहायला त्यांना वेळ मिळाला नाही. आयुष्यात बहुधा तेवढाच एक कागद त्यांनी न ताडता राहू दिला. माझ्यावर विश्वास होता म्हणून.

बैलगाडीने पौड, भुकूम करत पुणं, आणि तिथून आगगाडी. मुंबईत मास्तरांनी सहल अगदी इमानाने केली. प्रत्येकाला टिपणवही दिली होती आणि जे पाहिलं ते दोनदा लिहायचं होतं. मुलगे पुरते कंटाळले. संग्रहालयात मात्र मास्तरच एका कपाटापुढून हलेनात. आत कसल्याशा माशाचा सांगाडा होता आणि खाली चिठ्ठी, त्यावर त्याचं नाव आणि तो सापडला ते ठिकाण. मास्तर म्हणाले, "बघा पोरांनो. मेलेल्या माशाला बी हितं नाव हाय, गाव हाय." त्यांना फार समाधान वाटलं होतं. एवढी निगा ठेवणारं सरकार आपल्या माणसांना टाकणार नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही सरकारी कचेरीत गेलो. वर विजेचा पंखा फिरत होता. आम्ही तो पहिल्यांदाच पाहत होतो. त्याच्या वाऱ्याने टेबलावरच्या नोंदवहीची पानं फडफडायला लागली, तेव्हा मास्तरांनी तिच्यावर तळहात ठेवला आणि सगळं बोलणं होईपर्यंत उचलला नाही. कारकून मराठी होता, वयस्कर आणि वागायला सभ्य. त्याने अर्ज नीट वाचला. म्हणाला, "अर्ज चांगला आहे. पण मूळ वही इथे ठेवावी लागेल. साहेब पाहतील, मग टपालाने परत येईल. तुमच्याजवळ नक्कल आहे ना? नसेल तर त्या बाकावर बसा आणि तासाभरात करून घ्या. माझी काही हरकत नाही."

मास्तर माझ्याकडे वळले. "रुथे, नक्कल पुरी हाय ना?"

बाहेर पायरीवर मुलगे ताटकळले होते. त्यानंतर आम्ही बंदरात मोठं जहाज पाहायला जाणार होतो आणि उशीर झाला तर ते राहून जाणार होतं. माझ्या अंगात झालरीचं पोलकं होतं. चार पानं, फार तर तासाभराचं काम.

"व्हय, झाली मास्तर. ट्रंकेत हाय," मी म्हटलं.

मास्तरांनी वहीवरचा हात उचलला.

जहाज मी पाहिलं. आता त्याचा रंगसुद्धा आठवत नाही.

महिन्याभरात हुकूम आला, वही आली नाही. नोंदवहीत ज्यांचं नाव असेल त्यांच्या कबरी, धरणावरच्या ओव्हरसियरने वही पाहून आणि पुकारून, पाऊस पडायच्या आत वर हलवू द्याव्यात, असा हुकूम होता. मास्तरांनी वहीसाठी दोन स्मरणपत्रं धाडली, प्रत्येकाची जोडी पेटीत ठेवून. उत्तर आलं नाही. वही आली की राहिलेली चार पानं गुपचूप उतरवू, असं म्हणत मी नक्कल फडक्यात गुंडाळून ट्रंकेतच ठेवली होती. मे अखेरीस ओव्हरसियर आला. तरुण होता आणि घाईत होता, त्याच्यामागे असली पन्नास कामं होती. म्हणाला, "मूळ नसेल तर नक्कल चालेल."

मास्तरांनी फडक्यात गुंडाळलेली माझी वही सोडली आणि नावं पुकारायला लागले. वरच्या ओळी एकेक उघडल्या, खोक्यांत भरल्या. खोक्यावर मास्तर खडूने नाव घालत. मी मागे उभी होते. आता येईल, आता येईल, एवढंच मनात चाललं होतं. मास्तरांनी पान उलटलं. ते कोरं होतं. पुढचं उलटलं. तेही कोरं.

मग त्यांनी चष्मा वर केला आणि माझ्याकडे पाहिलं. त्यात राग असता तर बरं झालं असतं.

ओव्हरसियर म्हणाला, "संपली का यादी? मग ती खालची ओळ कुणाची?"

मी पुढे झाले, मास्तरांच्या हातातली वही धरली आणि कुजबुजले, "मास्तर, तुमाला समदी नावं पाठ हायेत. सांगा, मी आत्ता लिवते. त्याला काय कळतंय?"

"पैल्या पानावर काय लिवलंय, वाच."

"मास्तर..."

"वाच."

मी वाचलं. मूळ नोंदवहीबरहुकूम संपूर्ण नक्कल.

"मूळ वही कुटं हाय?" ते म्हणाले. "मुंबईला. मंग तू लिवशील ते कशाच्या बरहुकूम? सगुणा खोट्या कागदावर वर येनार न्हाई. आली तर मला तोंड दावनार न्हाई."

मी ओव्हरसियरला सांगायला गेले की चूक माझी आहे. मास्तरांनी मनगट धरून मला मागे ओढलं आणि स्वतःच म्हणाले, "साहेब, नक्कल अर्धी राहिली. खालची ओळ आमचीच हाय, पन कागद न्हाई." ओव्हरसियर बरा माणूस होता, खांदे पाडून म्हणाला की मी काय करू, हुकूम नावांचा आहे. खालची ओळ वगळून त्याने दोरी लावली आणि माणसं घेऊन गेला.

जूनमध्ये पाणी चढलं. खालची ओळ आधी गेली.

आम्ही भुकूमला आलो. माळावर पाचसहा झोपड्या आणि एका बाजूला नवी दफनभूमी. पुढच्या पुनरुत्थानदिनी मास्तरांनी माझ्या नकलेवरून हजेरी घेतली. शेवटचं नाव झालं तेव्हा वही मिटली. माझे वडील वाट पाहत उभे राहिले. आईचं नाव आलं नाही. सगुणाकाकूंचंही नाही. "तोंडानं घ्या की, मास्तर," असं वडील म्हणाले, तर उत्तर आलं, "हजेरी कागदावरनं असती." दोन वर्षं असंच झालं. ह्या हट्टाचा मला संताप यायचा. आपल्या बायकोचं नाव घ्यायला माणसाला कागद कशाला लागतो? एकदा मी तसं विचारलंही. म्हणाले, "तिचं नाव मी रोज घेतो, रुथे. पर ते माझं माझं. समद्यांम्होरं घ्यायचं तर खरं असाय पायजे आनि दावता आलं पायजे." त्यांनी मला कधी बोल लावला नाही. मी काय केलं हे वडिलांनाही सांगितलं नाही. ते मलाच सांगावं लागलं, आणि सांगायला मला वर्ष लागलं.

तिसऱ्या वर्षी, उन्हाळा सुरू होताना, टपालातून एक जाड पुडकं आलं. वर लाखेची मोहोर. आत आमची नोंदवही होती, जशी दिली तशी, एकही पान कमी नाही. सोबत चार ओळींचं पत्र, की पडताळणीचं काम संपल्याने वही परत करण्यात येत आहे. संग्रहालयातल्या माशासारखी सांभाळून ठेवली होती त्यांनी ती. मास्तरांनी पान न् पान पाहिलं. त्यांच्या तोंडून एकच निघालं, "दिलेला शब्द पाळला बगा सरकारनं." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो असता तर मला रडू आलं नसतं.

मग त्यांनी माझी अपुरी वही काढली, टाक दिला आणि शेजारी बसले. "राहिलेली पानं पुरी कर."

चार पानं मी त्या दिवशी उतरवली. आईचं नाव, वय, आजार, ठिकाण. ठिकाणाच्या रकान्यात प्रत्येकापुढे तेच होतं, नदीकाठची खालची ओळ. मी विचारलं, "हितं पाण्याखाली असं लिवू का?" मास्तर म्हणाले, "मुळात न्हाई ते नकलेत न्हाई." काम झाल्यावर त्यांनी दोन्ही वह्या ताडून पाहिल्या, ओळीवर बोट ठेवून, हळूहळू. सगुणाकाकूंच्या नावावर त्यांचं बोट थांबलं आणि तिथेच राहिलं. मी उठून बाहेर गेले.

त्या पुनरुत्थानदिनी पूर्ण हजेरी झाली. वडिलांनी आईसाठी उत्तर दिलं. "सगुणा शिमोन," मास्तरांनी पुकारलं, चष्मा वर केला, पण उत्तर द्यायला त्यांचा आवाज फुटेना. शेवटी मी म्हटलं, "प्रभूजवळ हाय." त्यांनी माझ्याकडे न पाहता मान हलवली आणि पुढचं नाव घेतलं.

ते त्याच वर्षी थंडीत गेले. छातीत कफ झाला होता. फार बोलले नाहीत. टिनाची पेटी माझ्याकडे द्यायची, एवढं वडिलांना सांगून ठेवलं होतं. माळावर त्यांना पुरून आम्ही परतलो. बायका पाय धुवायला बोलावत होत्या, मी गेले नाही. पेटी उघडली, दोन्ही वह्या मांडल्या, आणि मातीच्या हातांनीच मूळ वहीत त्यांचं नाव लिहिलं, मग नकलेत. ओळीवर बोट ठेवून ताडून पाहिलं. विचारणारं आता कुणी नव्हतं. तरी मी मोठ्याने म्हटलं, "झाली, मास्तर."

ह्या वेळी ती झाली होती.