मध्यंतरानंतरचा खालचा सूर

सिनेमा संपून पडद्यावर नावं वर सरकायला लागली की तुम्ही काय करता हो? खरं सांगा. मोबाइल चाचपता, पिशवी काखोटीला मारता आणि शेजारच्याच्या पायावर पाय देत दाराकडे सुटता. बरोबर ना? मग त्या दाराशी हातात दाभण घेऊन उभी असलेली एक बाई तुम्हाला कधीतरी भेटली असणार, आणि तिच्या तोंडून तुमचा यथासांग उद्धारही झाला असणार.

"निघाले! आग लागलीय ना घराला! अहो, अजून वाजतंय ना ते!"

ती खुर्चीवाली. दोन पडद्यांच्या थिएटरात खुर्च्या दुरुस्त करणं हे तिचं काम. फाटलं रेक्झिन शिवायचं, बसका फोम बदलायचा, बाहेर डोकावणारी स्प्रिंग आत कोंबायची. स्वभाव म्हणाल तर तिनं शिवलेल्या गादीसारखा, वरून मऊ दिसतो, पण चुकीच्या जागी टेकलात की टोचतो. नाकावर माशी बसू द्यायची नाही. थिएटरचा मॅनेजर तिला "जरा हळू बोला" असं एकदा म्हणाला होता. पुन्हा नाही म्हणाला.

आणि नावांच्या बाबतीत तिचं म्हणणं खोटं होतं का? पोस्टरवर नटाचं तोंड घराएवढं असतं. ज्यानं चेलो वाजवून तुम्हाला रुमाल काढायला लावला, त्याचं नाव मात्र मुंगीएवढं, तेही शेवटी, तेही तुमच्या पाठीला. दिवे धरणारे, सुतार, शिंपी, व्हायोलिनवाले, सगळ्यांनी राबायचं आणि त्यांची हजेरी वाचून होईपर्यंत तुम्हाला बसवत नाही! खुर्चीवाली चिडायची ती उगाच नाही. शिवाय शेवटचा सगळ्यात मोठा तुकडा संगीतकारानं ह्याच नावांसाठी लिहिलेला असतो. तो ऐकतं कोण? रिकाम्या खुर्च्या.

दुसऱ्या पडद्याच्या मागं, भिंतीला भिंत लावून, तिची काम करायची खोली. फोमचे ढिगारे, सुतळीचे गुंडे, छताला टांगलेली मोडकी हँडलं. सिनेमा तिला दिसायचा नाही, भिंतीतून नुसता ऐकू यायचा. संवाद पुसट, संगीत मात्र ठसठशीत. त्यातूनच तिला हे वेड लागलं, गाण्यांचं नव्हे, गाण्यांच्या मधल्या संगीताचं. कोणी पळत असताना, कोणी मरत असताना, कोणी नुसतंच खिडकीत उभं असताना मागं जे वाजतं, त्याचं.

वेड्याला वेडे भेटतातच. दर रविवारी सकाळी, पहिला खेळ सुरू व्हायच्या आधी, तिच्या खोलीत कानसेन मंडळ भरायचं. बेकरीची गाडी चालवणारा पाववाला आपला स्पीकर घेऊन यायचा, त्या स्पीकरला कायम ताज्या पावाचा वास. चित्रकलेचे निवृत्त मास्तर यायचे. आणि यायची खुर्चीवालीची थोरली नणंद, जी कानयंत्रांच्या दुकानात कामाला होती. खुर्चीवालीचा नवरा त्याच थिएटरच्या तिकीटखिडकीत बसायचा, पण रविवारी तो खोलीकडं फिरकायचासुद्धा नाही. बायको आणि बहीण एका खोलीत असताना तो शिंकसुद्धा परवानगी काढून द्यायचा.

मंडळाचा नियम एकच, आधी कान, मग जीभ. संगीत चालू असताना जो बोलेल, त्यानं उरलेला वेळ डगडगत्या स्प्रिंगच्या खुर्चीत बसायचं. ती खुर्ची खुर्चीवालीनं मुद्दाम दुरुस्त केली नव्हती.

एकेकाची मतं म्हणजे नमुनेच. पाववाल्याला पाठलाग हवा. "परवाचा तो पोलिसाचा सिनेमा ऐकत गाडी चालवत होतो. ड्रम सुरू झाला आणि पाय ॲक्सिलरेटरवर कधी गेला कळलंच नाही. पाव पोचले, पण चपटे होऊन."

मास्तरांना प्रत्येक संगीतात रंग दिसायचे. "क्लॅरिनेट आलं तिथं मला फिकट जांभळं दिसलं. पण मग त्यानं नको तिथं बासरी घातली. सगळं पोपटी झालं हो, सगळं पोपटी!" असं म्हणताना त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी यायचं.

नणंदेचा जीव शांततेवर. "ती बाई जिना उतरते तिथं त्यानं काहीच वाजवलं नाही. त्याला म्हणतात हिंमत."

"वाजवलं नाही ह्याची तारीफ काय करता ताई? मग मीही आज खुर्ची शिवली नाही, द्या मला शाबासकी!" खुर्चीवाली उसळायची. तिचा जीव खालच्या सुरांवर. "संगीत पोटात वाजलं पाहिजे. कानात काय, डासही वाजतो."

आणि तिचा एक सिद्धान्त होता. गेल्या वर्षभरात तिनं तो इतक्यांदा आणि इतक्या तावातावानं मांडला होता की मंडळानं तो मान्यच करून टाकला होता. तो असा, की मध्यंतरापर्यंत संगीतकार लोकांना खूश करतो आणि मध्यंतरानंतर स्वतःला. म्हणून उत्तरार्धात तो एक खोल सूर धरतो, घूंऽऽ असा, सगळ्या वाद्यांच्या खाली, बोलण्याच्याही खाली. भिंतीला पाठ लावली की मणक्यातून चढतो. होडीच्या सिनेमात तर त्या सुरानं तिला वेड लावलं होतं. नावाडीण एकटी नदी ओलांडते, वर दोन व्हायोलिनं आणि खाली हा घूंऽऽ. "त्या माणसाला कोपरापासून नमस्कार," ती म्हणायची. पोलिसाच्या सिनेमालाही तिनं हेच म्हटलं होतं, आणि दोन बहिणींच्या सिनेमालाही.

पाववाल्याच्या स्पीकरवर तो सूर कधी यायचा नाही. "येईल कसा? पावाच्या डब्याएवढा स्पीकर!" असं म्हणून ती विषय मिटवायची. पाववाला बिचारा ओशाळून स्पीकर पुसायचा.

एका रविवारी नणंदेनं पिशवीतून दुकानातला हेडफोन काढला. मोठा, जाड, लोकांचे कान तपासायचा.

"ताई, हे बहिऱ्यांसाठी असतं," खुर्चीवाली म्हणाली.

"म्हणूनच आणलंय, वहिनी."

पाववाल्याला हसू फुटलं. संगीत अजून सुरू झालेलं नव्हतं म्हणून तो स्प्रिंगपासून वाचला.

होडीचा तुकडा लावला. नणंदेनं डोळे मिटून ऐकला. मग मास्तरांनी, मग पाववाल्यानं. तिघंही खाली बघायला लागले.

"वहिनी, व्हायोलिनं आहेत. पाण्याचा आवाज आहे. तुमचा तो घूंऽऽ नाही."

"म्हणजे मी खोटं बोलते?"

"मी कुठं असं म्हटलं? कान वाजतात कधीकधी. आमच्या दुकानात रोज येतात माणसं."

आता झालं! तेलात पाणी पडलं. खुर्चीवालीनं हातातली हातोडी फोमच्या ढिगावर आपटली. फोमच तो, हातोडी उडून मास्तरांच्या मांडीवर आली.

"माझे कान वाजतात? सगळ्यांनी ऐका. आज दुपारी होडीचाच सिनेमा आहे, त्या खेळाला ह्याच खोलीत बसा. इथंच, भिंतीला पाठ लावून. तो सूर नसेल तर मी मंडळ सोडलं! ह्या खुर्च्या तुम्हाला लखलाभ!"

बोलून गेली, पण पणाला लावलं होतं ते काही थोडं नव्हतं. आठवडाभर ही बाई दुसऱ्यांच्या बुडाखालच्या खुर्च्या शिवायची, गुडघ्यांवर, वाकून, ओळीमागून ओळ. स्वतः खुर्चीत टेकायची ती फक्त रविवारी, ह्या तिघांबरोबर. ते गेलं तर तिच्या आयुष्यात बसायला जागाच उरणार नव्हती. पण तोंडातून सुटलेला शब्द आणि खुर्चीतून सुटलेली स्प्रिंग आत ढकलणं सोपं नसतं. शिवाय समोर नणंद बसलेली. मागं घेते कशाला?

दुपारचा खेळ लागला. हॉल खच्चून भरलेला. इकडं खोलीत चौघं भिंतीला पाठ लावून ओळीनं बसलेले, शाळेत शिक्षा झाल्यासारखे. मध्यंतरात पाववाल्यानं पाव वाटले. खुर्चीवालीनं आपला तसाच सुतळीच्या गुंड्यावर ठेवला.

मध्यंतरानंतर बोलणी, भांडण, दार आपटल्याचा आवाज. मग व्हायोलिनं. नावाडीण निघाली. खुर्चीवालीनं डोळे घट्ट मिटले.

घूंऽऽऽ.

सगळ्यात आधी पाववाला ताठ झाला. मग मास्तरांनी हात छातीवर ठेवला. नणंद भिंतीला कान लावून बसली आणि नियम-बियम विसरून ओरडली, "आहे! अगं बाई, आहे की!"

"बोललात! ताई बोलल्या! स्प्रिंगवर!" खुर्चीवाली लहान पोरीसारखी उडीच मारत उठली. तिनं नणंदेला ओढून डगडगत्या खुर्चीत बसवलं, आणि नणंद तिथं वरखाली होत हसत सुटली. मास्तर म्हणाले, "निळा! गडद, रात्रीच्या पाण्याचा निळा!" पाववाल्यानं आपल्या स्पीकरला टपली मारली, "शिक काहीतरी!" चौघांना हसू आवरेना. पडद्यावर नावाडिणीची होडी बुडत होती आणि भिंतीमागं म्हातारपणाकडं झुकलेली तिघं फोमच्या ढिगावर लोळत होती, चौथी स्प्रिंगवर उडत होती.

शेवटी सिनेमा संपला आणि नावांचं मोठं संगीत सुरू झालं. खुर्चीवालीनं सवयीनं दाभण उचललं आणि दाराकडं निघाली.

"कुठं निघालात?" मास्तरांनी विचारलं.

"दाराशी. उठले असतील मेले."

"आणि तुम्ही काय करताय? नावं संपेपर्यंत बसायचं हे कोणाचं म्हणणं?"

ती थबकली. खरंच की. रोज हे संगीत सुरू झालं की ती ह्या खोलीतून उठून दाराशी लोकांना ओरडायला जायची. इथं बसून शेवटपर्यंत तिनं ते आजवर ऐकलंच नव्हतं. मुकाट्यानं खाली बसली.

व्हायोलिनं चढली, चेलो आले, सगळे एकदम उसळले, आणि एका लांबलचक सुरावर संपले. संपले म्हणजे पूर्ण संपले. भिंतीपलीकडं चिडीचूप.

घूंऽऽऽ.

मास्तरांनी पुन्हा हात छातीवर ठेवला.

घूंऽऽऽऽऽ.

"फार लांबवलाय," पाववाला हळूच म्हणाला.

तेवढ्यात बाहेरच्या बोळातून थिएटरचा वायरमन शीळ घालत आला. खोलीच्या पायरीखाली वाकला, एक झाकण उघडलं आणि खटका ओढला. सूर दोन गचके देऊन थांबला.

"काय बंद केलंस रे?" खुर्चीवालीचा आवाज भलताच बारीक झाला होता.

"हॉल गार करायचं मशीन हो. नवं आणलं नाही का गेल्या वर्षी? मध्यंतराला दारं उघडली की आत गरम हवा शिरते. मग हे आपोआप सुरू होतं. थंड झालं की बंद, परत सुरू. हॉल रिकामा झाला की मी खटका ओढतो." आणि अभिमानानं म्हणाला, "विकणारा म्हणाला होता, अजिबात आवाज नाही."

वायरमन गेला. वर्षभर ह्या बाईनं किती संगीतकारांना कोपरापासून नमस्कार केले होते, आणि ते सगळे पायरीखालच्या एका पंख्याला पोचले होते!

खुर्चीवाली उठली. नणंदेला हात देऊन स्प्रिंगच्या खुर्चीतून उठवलं आणि स्वतः तिथं बसली. स्प्रिंग लागली असणार, पण चेहऱ्यावर काही दाखवलं नाही.

"शब्द तो शब्द," ती म्हणाली. "मी मंडळ सोडलं. किल्ली मास्तरांकडं राहील."

मास्तर खाकरले, पण त्यांना रंग सुचेना. बोलली ती नणंद.

"वहिनी, तुम्ही काय म्हणाला होतात? सूर नसेल तर सोडते. बरोबर?"

"हो."

"मग सूर होता की! मी स्वतः ऐकला, ओरडले, शिक्षाही भोगली. पत्ता चुकला एवढंच. दुकानात मी रोज लोकांचे कान तपासते, भिंतीआडचा इतका खालचा सूर वर्षभर नेमका धरणारा कान मला नाही भेटला. वाजतात म्हटलं ते मागं घेते. आता उठा, ती स्प्रिंग मला अजून टोचतेय."

थोरल्या नणंदेनं शब्द मागं घेतला! पाववाल्यानं हे डोळ्यांनी पाहिलं म्हणून, नाहीतर त्याचा विश्वास बसला नसता. खुर्चीवाली हसू दाबायला गेली, ते नाकातून फुटलं, मग तोंडातून, मग स्प्रिंगनं तिला असं काही उडवलं की चौघंही फोमवर आडवे.

"अहो, पण पोलिसाच्या सिनेमालाही तोच!" मास्तर डोळे पुसत म्हणाले.

"आणि दोन बहिणींच्या!"

"सगळ्यात जास्त सिनेमांना संगीत दिलंय हो त्या मशीननं. आणि पोस्टरवर नाव नाही!" पाववाला म्हणाला.

हे शेवटचं खुर्चीवालीच्या वर्मी लागलं. हसता हसता ती एकदम ताठ झाली. पाववाल्याला म्हणाली, "पळ, वायरमनला बोलाव. खटका चालू करायला सांग. आणि तू तुझ्या त्या डब्यावर होडीचा तुकडा लाव."

वायरमनला वाटलं, हिचं डोकं फिरलं. पण तिला नाही म्हणायची छाती होते कोणाची? त्यानं खटका वर केला. पावाच्या वासाच्या स्पीकरमधून दोन व्हायोलिनं निघाली, पायरीखालून घूंऽऽ निघाला, आणि दोघं असे काही गळ्यात गळा घालून चालले की नणंदेनं डोळे मिटले. वायरमन आत येऊन टेकला. त्याच्याच मशीनचा आवाज त्यानं पहिल्यांदा ऐकला.

तुकडा संपल्यावर तो म्हणाला, "चांगलं वाजतं की हो."

"तूही ये पुढच्या रविवारी," खुर्चीवाली म्हणाली. "पण मधे बोललास तर ती खुर्ची तुझी."

तिनं दाराशी ओरडणं सोडलेलं नाही. सोडेल कशी? पण आता आवाज जरा खालच्या पट्टीत लागतो, आणि संगीत संपेपर्यंत ती पहिली स्वतः बसते.

तर तुम्ही, हो, तुम्हीच. पुढच्या वेळी पडद्यावर नावं वर सरकायला लागली की पिशवी मांडीवर ठेवा आणि बसा. राबलेल्या माणसांची नावं शेवटपर्यंत वाचा. आणि सगळं वाजून संपलं की आणखी क्षणभर थांबून ऐका, अजून कोण वाजतंय ते. ऐकू आलं तर बाहेर पडताना दाराशी उभ्या असलेल्या त्या बाईला तेवढं सांगून जा.