माया सोमकुवरचा न हलणारा हात

रामदासपेठेत एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर जुने गावनकाशे कम्प्युटरवर उतरवून देणारी एक कंपनी आहे. कंपनी म्हणजे काय, तर अकरा टेबलं, अकरा कम्प्युटर, एक काचेची केबिन आणि त्या केबिनीत सुशील सर. सरांच्या समोर मोठा स्क्रीन. त्यावर नकाशे नसतात, कॅमेऱ्यातून दिसणारी अकरा माणसं असतात. नकाशा वाचता येत नसला तरी माणसं वाचता येतात, असा सरांचा समज आहे. कोणीतरी हा समज एकदा मोडायला हवा होता. तो माया सोमकुवरनं मोडला, आणि तेही हात न हलवता.

माया चव्वेचाळीस वर्षांची. माहेर कुहीकडचं, धानाच्या पट्ट्यातलं. काम असं, की पिवळ्या पडलेल्या नकाशाचा फोटो स्क्रीनवर घ्यायचा आणि शेताच्या प्रत्येक हद्दीवर, म्हणजे धुऱ्यावर, एकेक ठिपका टाकत रेघ ओढत जायची. धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची छोटी छोटी खाचरं, दिसायला चिंध्यांची गोधडी; एका कागदावर चार-चारशे तुकडे. ठिपका जरा घसरला की दोन भावांमध्ये कुऱ्हाड निघेल एवढी जमीन इकडची तिकडे. हे मायाला माहीत होतं, कारण तिनं धुरे पायांनी चालून पाहिले होते. सुशील सरांनी धुरा पाहिला होता तो गाडीच्या काचेतून, तोही बहुतेक झोपेत.

सहा वर्षं माऊस ढकलून मायाचा उजवा अंगठा गेला. अंगठ्याच्या मुळापासून मनगटावर अशी कळ यायची की कुकरचं झाकण लागेना. ऑफिसनं काय केलं? ऑफिसनं शिबिर घेतलं. पुण्याहून एक बाई आल्या, त्यांनी सगळ्यांना खांदे गोल फिरवायला लावले, "स्क्रीनशी मैत्री करा" म्हणाल्या, फोटो काढला आणि गेल्या. मग प्रत्येकाला मनगटाखाली ठेवायची एक मऊ निळी उशी मिळाली. ती उशी महिन्याभरात फुटली आणि आतला चिकट लगदा कीबोर्डमध्ये शिरला. आरोग्याची काळजी संपली.

डॉक्टर म्हणाला, "आराम करा." फी घेतल्यावर म्हणाला. खरा प्रश्न विचारला तो खालच्या मजल्यावर फिजिओथेरपी करणाऱ्या मिनल नावाच्या पोरीनं. तिनं मायाचा हात हातात घेऊन विचारलं, "ताई, दुखते कोणतं बोट? आणि काम करताना हलते काय काय?"

सहा वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. मिनलनं तिला ट्रॅकबॉल दाखवला, मोबाईलवर. माऊस टेबलावर फिरत नाही, एका जागी बसून राहतो. वर एक गोळा असतो, तो बोटांनी फिरवायचा. हात, मनगट, कोपर सगळं जागच्या जागी.

"पण नीट पाहून घ्या बरं," मिनल म्हणाली. "काहींचा गोळा आंगठ्यानं फिरवा लागते. तुमचा आंगठाच दुखते, तर तो घेऊन काय फायदा?"

सीताबर्डीच्या दुकानदारानं पहिल्या झटक्यात अंगठ्यावालाच काढला.

"मॅडम, हा घ्या. सगळे हाच नेतात. डिझाइनवाले लोक तर डोळे मिटून नेतात."

"सगळ्यायचा आंगठा चांगला असन. माहा दुखते. मधात गोळा असलेला दाखवा."

"तो चालत नाही मॅडम. आणि डबा उघडला तर घ्यावाच लागतो."

"काहून? पाय घालून पाह्यल्याशिवाय चप्पल घेता का तुम्ही?"

दुकानदारानं तोंड वाकडं करून डबा उघडला. मायानं खुर्ची मागवली, कोपर अंगाजवळ ठेवलं, हात ठेवला. पहिल्याचा उंचवटा इतका, की मनगट मागे मोडल्यासारखं. परत. दुसऱ्याचा गोळा सुपारीएवढा, बोटं आखडली. परत. तिसऱ्यावर तीन बोटं आपोआप पसरली आणि अंगठा बाजूला निवांत पडून राहिला. अर्धा तास लागला. दुकानदार कपाळावर आठ्या घालून उभा होता, जणू त्याच्याच मुलीला कोणी पाहून पाहून नाकारत होतं.

नवऱ्यानं, नागसेननं, घरी तो गोळा फिरवून पाहिला. नागसेन कळमेश्वरच्या एमआयडीसीत लेथ मशीनवर आहे. त्याला फिरणारी कोणतीही वस्तू दिली की तो आधी ती उघडतो. त्यानं खालच्या भोकातून पेन्सिल दाबली, गोळा टुणकन बाहेर.

"अवं, हे पाह्य. आत तीन बारके मणी आहेत, त्याच्यावर गोळा बसते. इथं कचरा गेला का मशीन रडन. हप्त्यातून एकडाव पुसत जाय. आणि स्पीड पह्यले कमी ठेव."

"तुले कसं माईत?"

"मले नाही माईत तुह्या कम्प्युटरमधलं. पण बेअरिंग बेअरिंगच असते नं."

पहिले बारा दिवस वाईट गेले. स्क्रीनवरचा बाण धुरा सोडून शेजारच्या गावात जाऊन पडायचा. मायानं वेग कमी केला. क्लिक अंगठ्याखाली येत होतं, ते सेटिंगमध्ये जाऊन उजवीकडे, करंगळीजवळच्या बोटाखाली घेतलं. पायाखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेली वीट ठेवली, म्हणजे खुर्ची वर घेता आली आणि कोपर टेबलाच्या बरोबरीला आलं. दिवसाला तीन कागद करणारी बाई दीड कागदावर आली. तेराव्या दिवशी दोन. महिन्याच्या शेवटी पुन्हा तीन, आणि घरी कुकर लागायला लागला.

पण सुशील सरांच्या स्क्रीनवर काय दिसत होतं? दहा माणसं हात हलवत होती. अकरावी नुसती बसली होती.

सरांनी केबिनीत बोलावलं.

"मायाताई, काल दहा ते अकरा तुम्ही काय करून राहिल्या होत्या?"

"काम."

"कॅमेऱ्यात हात हलताना दिसत नाही."

"गोळा फिरते सर. हात हलवाची गरजच नाही."

"बाकी दहा जणांचा तर हलते."

"हलते म्हणूनच ते संध्याकाळी बाम लावून घरी जातात. तुम्ही माहे कागद काढून पाहा न. किती झाले ते त्याच्यात दिसन."

कागद उघडून पाहायचे तर नकाशा कळावा लागतो. सर म्हणाले, "बघतो," आणि कॅमेऱ्याकडे बघत राहिले. केबिनबाहेर मायाला नाव पडलं, 'पुतळा मॅडम'. ठेवणारे तेच, ज्यांच्या ड्रॉवरमध्ये बामच्या तीन-तीन बाटल्या होत्या.

तेवढ्यात वरून फर्मान आलं. ज्या मोठ्या कंपनीचं हे काम होतं, तिला अकरा माणसं जास्त वाटू लागली, सात पुरे. दसऱ्यानंतरच्या सोमवारी त्यांचा तपासनीस येणार, प्रत्येकाला तोच एक कागद देणार, आणि चुका मोजून चार जणांना घरी पाठवणार. सरांनी आपली चार नावं आधीच लिहून ठेवली होती. पहिलं कोणाचं, हे सांगायला ज्योतिषी नको. कामिनीनं ती यादी प्रिंटरवर पाहिली आणि मायाला सांगितली.

कामिनी म्हणजे मायाच्या शेजारच्या टेबलावरची. मनानं चांगली, जिभेनं त्याहून चांगली, आणि डोकं वापरायचं ते फक्त केस विंचरायला, असं माया तिला तोंडावर म्हणायची. कामिनी हसायची.

दसऱ्याला माया सुटीवर असते. दरवर्षी. दीक्षाभूमीच्या रस्त्यावर तिच्या वस्तीचा भोजनदानाचा मंडप लागतो. बाहेरगावाहून आलेल्या लोकांना वाढता वाढता दोन दिवस कंबर सरळ होत नाही.

"टेस्टच्या तोंडावर सुटी?" सर म्हणाले.

"अर्ज जूनमध्ये दिला सर. तुम्हीच सही केली."

ती गेली आणि ऑफिसात खंडेनवमी झाली. अवजारांची पूजा. धार लावायचं एकही हत्यार नसलेल्या ऑफिसात काय पुजणार? सगळंच पुजलं. झेंडूच्या माळा मॉनिटरला, कॅमेऱ्यालासुद्धा. सरांनी नारळ फोडला तो प्रिंटरच्या इतक्या जवळ, की त्यानंतर प्रिंटर प्रत्येक पानावर नारळाच्या आकाराचा डाग काढत राहिला. मग ओली हळद, ओलं कुंकू, वर अक्षता. दहा माऊसच्या पाठीवर दहा टिकल्या लागल्या. त्यांना काय होतं? पाठीवर टिकली घेऊन ते पळत राहिले.

सोमवारी सकाळी माया आली. संगणक सुरू केला, गोळ्यावर बोटं ठेवली. गोळा अडला. जोर लावला तर कर्र आवाज करत थोडा फिरला आणि स्क्रीनवरचा बाण कोणी चावल्यासारखा उडाला. गोळ्यावर लालभडक कुंकवाचा पट्टा, आणि भोवतीच्या खाचेत वाळलेली हळद.

"हे कोणं केलं?"

कामिनी खुशीत पुढे आली. "मी केलं ताई. तुम्ही नव्हत्या नं, तुमचंच राहून गेलं असतं. म्या म्हटलं, टेस्टच्या टाइमले आपल्या ताईच्या मशीनचीच पूजा नाही म्हणजे कसं! डबल लावलं."

"डबल लावलं! आणि तांदूळ?"

"तेही टाकले. चिमूटभर."

"अवं बाई, तू याले मशीन समजली का तुळशीवृंदावन?"

कामिनीचा चेहरा उतरला. सरांचा मात्र उजळला. एवढ्या लवकर ते केबिनीबाहेर कधी आले नव्हते.

"म्हणून म्हणतो, जगावेगळं आणू नये. साहेब अकराला येणार. हा घ्या आपला साधा माऊस, आणि बसा."

मायानं माऊस हातात घेतला. दोन ठिपके टाकले. तिसऱ्याला अंगठ्यातली ती जुनी कळ मनगटात चढली आणि रेघ धुरा सोडून गेली. चारशे तुकड्यांचा कागद या हातानं? दुपारपर्यंत हात हातात राहिला नसता, आणि खुर्चीही. घड्याळात साडेदहा.

तिनं माऊस सरांच्या हातात परत दिला. ट्रॅकबॉल उलटा केला, पेन्सिल घेतली आणि खालच्या भोकात दाबली.

"अहो तोडून टाकता काय!" सर ओरडले. दोघे-तिघे उठून उभे राहिले. गोळा टुणकन निघाला, टेबलावरून पडला आणि घरंगळत सरांच्या बुटाशी जाऊन थांबला. सरांनी पाय असा मागे घेतला, जणू विंचू.

"घाबरता काहून सर? चावत नाही. कामिनी, उचल तो. आणि गरम पाण्यात रुमाल भिजव. पिळून आण, ओला नको. पूजा तू केली, आता विसर्जनही तूच कर."

आतल्या तीन मण्यांवर हळदीचा थर बसला होता आणि एका मण्याशेजारी अक्षतेचा दाणा घट्ट अडकला होता. मायानं पदराच्या पिनेनं तो दाणा काढला. मणी एकेक करून पुसले. कामिनीनं गोळा चकचकीत केला, दोनदा फुंकला आणि जरा भीतभीतच विचारलं, "ताई, चालन नं आता?"

गोळा बसला. बोटं ठेवली. बाण पाण्यावरच्या होडीसारखा सरकला.

अकराला तपासनीस आले. रुपराव नावाचे, भूमापनाच्या नोकरीतून निवृत्त, खिशाला दोन पेनं. सुशील सरांनी त्यांना केबिनीत बसवून कॅमेऱ्याचा स्क्रीन दाखवायचा प्रयत्न केला. रुपराव म्हणाले, "हे काय पाहू? मले नकाशे पाहाचे आहेत," आणि बाहेर येऊन खुर्ची टाकून बसले. सर उभे राहिले. चहाचं विचारलं. रुपरावांनी चहा नको म्हणून सांगितलं, सरांनी तरी सांगितला.

चार तास अकरा माणसांनी तोच एक कागद काढला. दहा हात टेबलभर पळत होते. माया पुतळ्यासारखी बसली होती. तीन बोटं तेवढी हलत होती, तीही फार जवळ गेल्याशिवाय दिसत नव्हती.

रुपरावांनी प्रत्येकाचा कागद मूळ नकाशावर ठेवून पाहिला. मायाच्या कागदावर एका जागी बोट ठेवून थांबले.

"ही बांधीची मोड कोणं काढली?"

सर पुढे झाले. "सर, ते ट्रॅकबॉलमुळं जरा... आम्ही सांगितलं होतं त्यांना..."

"तुमाले नाही विचारलं."

"मी काढली," माया म्हणाली.

"बाकी सगळ्यायनं सरळ रेघ ओढली. इथं धुरा वाकते, पाण्याच्या वाटेसाठी. मूळ कागदावर शाई पुसट आहे. तुमाले कसं दिसलं?"

"शाई पुसट आहे, पण पाणी सरळ नाही जात नं बाबूजी. मोठं करून पाह्यलं, हळू हळू ठिपके टाकले."

रुपरावांनी वहीत काहीतरी लिहिलं. मायाच्या कागदात चुका तीन निघाल्या. तिच्यानंतरचा नंबर सतरा चुकांवर होता. कामिनी सातवी आली, कशीबशी, आणि मायाच्या गळ्यात पडून रडली. सरांच्या यादीतलं पहिलं नाव रुपरावांच्या यादीतही पहिलंच होतं, फक्त ती यादी ठेवायच्या लोकांची होती.

आता वाटेल, सरांना काही कळलं असेल. कळलं असतं तर ते सर कशाला असते? दुसऱ्या आठवड्यात त्यांनी राहिलेल्या सहा जणांसाठी सहा ट्रॅकबॉल मागवले. कोणाचं काय दुखतं हे न विचारता, सहाही अंगठ्यावाले. कामिनीचा तर अंगठाच दुखायचा. मायानं तिचा ट्रॅकबॉल उचलून सरांच्या टेबलावर ठेवला आणि तिला सीताबर्डीला नेलं. त्याच दुकानदारानं त्यांना लांबून पाहिलं आणि न सांगता खुर्ची काढून ठेवली.

आणि मायाच्या टेबलाशी येऊन सरांनी शेवटचं मागणं केलं, ते असं:

"मायाताई, काम चांगलं आहे, मान्य. पण वरून मोठे साहेब कधी कॅमेरा पाहतात. अधूनमधून हात हलवत जा ना. बरं दिसते."

माया कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याकडे वळली. अजून त्याच्या गळ्यात सुकलेली झेंडूची माळ लोंबत होती. तिनं डावा हात वर केला आणि चांगला दोन मिनिटं हलवला, गाडी सुटताना हलवतात तसा. उजवा गोळ्यावरून हलला नाही. तो कुहीकडच्या एका धुऱ्यावर होता.